बाबा बागेतच कुठेतरी आहे

३ मार्च, रविवार

आजपासून वही लिहायची असं ठरवलंय. घरात मी एकटी. भिंतीशी बोललं तर शेजारपाजार नावं ठेवतो, वहीशी बोललं तर कोणाला पत्ता लागत नाही.

आज भिंगरी भेटली. माझी भाची, धाकट्या भावाची मुलगी. आठ वर्षांची आहे, एका जागी म्हणून ठरत नाही, तेव्हा हे नाव मीच ठेवलेलं. भावजय घर सोडून तिला घेऊन गेली त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून पोरीचं तोंडही दिसलं नव्हतं. शेवटी धाकटा कोर्टात गेला आणि कोर्टानं सांगितलं, दर रविवारी सकाळी बापानं लेकीला भेटावं. याच्या घरी नाही, तिच्याही घरी नाही. शहराच्या जुन्या बागेत, बँडस्टँडपाशी. आणि मुलगी बापाला बुजते, म्हणून वडिलांकडचं एक बाईमाणूस सोबत हवं. वडिलांकडचं बाईमाणूस म्हणजे मी.

या शहरात जन्म गेला, पण या बागेत आज पहिल्यांदा नीट पाय ठेवला. लहानपणी आम्हाला कोण आणणार? फाटकावर पाटी आहे. दीडशे वर्षांपूर्वी कुणा बड्या बाईंना संध्याकाळी फिरायला जागा हवी होती, म्हणून सगळी वस्ती उठवून ही बाग केली. बाईंचं नाव मोठ्या अक्षरात आहे, उठवलेल्यांचं कुठंच नाही. पण बाग आहे मात्र देखणी. लोखंडी खांबांचा बँडस्टँड, आत आता कबुतरं वाजवतात. काचघर, मासे असलेला हौद, एक तोफ, एक नाक तुटलेला पुतळा. आणि चार दिशांना चार फाटकं.

भावजय पोरीला घेऊन वेळेवर आली. धाकट्याचं तोंड बघायचं नाही म्हणून ती आत येतच नाही. माझ्या हातात डबा दिला, "येते ताई" म्हणाली आणि रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसली. सगळा वेळ तिथंच बसणार म्हणे. पाळत ठेवायची असेल, दुसरं काय!

आणि धाकट्याचा पत्ता नाही. फोन उचलेना. भिंगरी बँडस्टँडच्या पायरीवर बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून. म्हणाली, "बाबा नाही आला?" तिचा चेहरा बघून तोंडातून निघून गेलं, "आलाय ना! लपलाय. तुला शोधायला सांगितलंय."

मग काय, आम्ही दोघी निघालो बाबाला शोधायला. तोफेच्या मागं, काचघरात, पुतळ्याच्या चौथऱ्याभोवती. तासभर तरी हिंडलो. शेवटी फोन आला, गाड्या लावतात त्या गाडीच्या फाटकाशी उभा आहे. त्याला घाईघाईनं सांगितलं, झाडामागं हो. झाला एकदाचा. भिंगरी ओरडली, "सापडला!" त्याचा हात धरून उड्या मारल्या तिनं. वेळ मारून नेली बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डब्यात फळं होती, पाव होता आणि चमचे दोनच. बापासाठी चमचा नाही! किती तो राग! संसार मोडला म्हणून माणुसकीही मोडायची का? मी माझा चमचा धाकट्याला दिला. तो नको म्हणाला, त्याला निघायचं होतं.

५ मार्च, मंगळवार

मी शाळेचे गणवेश शिवतात त्या कारखान्यात कापड बेतते. माझ्या टेबलाशेजारी काजेवाली बसते, काजांच्या मशिनवर. तिचं तोंड मशिनपेक्षा जोरात चालतं. आज सगळं सांगितलं तिला, लपाछपीसकट. वाटलं कौतुक करेल.

म्हणाली, "म्हणजे पोरगी भेटायला येते कोणाला, बापाला का तुला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बापाला नोकरी आहे, कामं आहेत. एका हातानं टाळी वाजते का कधी? मी तिच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. दुपारी तिनंच चहा आणून दिला.

१० मार्च, रविवार

आज पुन्हा उशीर. आज मी तयारीनंच गेले होते. भिंगरी आल्या आल्या म्हणाली, "आत्या, आज बाबा कुठल्या फाटकाला लपणार? गाडीच्या का पोस्टाच्या?"

मी म्हटलं, "लपणारा सांगून लपतो का?"

तर खुदकन हसली. किती विश्वास असतो मुलांचा!

गुलाबाच्या ताटव्याशी तिच्या तळहातात काटा गेला. रडली नाही, पण ओठ थरथरला. माझ्या पर्सच्या अस्तराला सुईदोरा कायम टोचलेला असतो. सुईच्या टोकानं हळूच काढला, फुंकर घालत घालत. उठताना कुंपणाच्या तारेला फ्रॉकचा घेर फाटला. तोही तिथंच बाकावर बसून शिवला, आतून टाके घेऊन. तिनं उलटसुलट करून पाहिलं. "कुठं फाटला होता तेच दिसत नाही," म्हणाली. मी म्हटलं, अगं, तीस वर्षं हेच करतेय.

शिट्टीवाला आला तेवढ्यात. हा बागेचा रखवालदार, हिरवळीवर पाय पडला की शिट्टी फुंकतो. माणसाला दम लागेल, याला लागत नाही. म्हणाला, "बाई, बाकावर शिवणकाम चालत नाही." मी विचारलं, कुठल्या पाटीवर लिहिलंय? बिचारा पाटी शोधायला गेला तो परत आलाच नाही.

आम्ही निघायच्या जरा आधी धाकटा आला. मीटिंग होती म्हणे, रविवारी. पण आला, हे महत्त्वाचं.

१७ मार्च, रविवार

आज मात्र धाकटा माझ्याही आधी हजर! मला एवढा आनंद झाला. बरोबर चांगला कॅमेरेवाला फोन. माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ताई, काढ आमचे." तोफेपाशी काढले, हौदापाशी काढले, काचघराच्या दारात काढले. मग भिंगरीला म्हणाला, स्वेटर काढ, आता असा एक. मग तिच्या वेण्या सोडायला लावल्या आणि तसे काढले. स्वतःही गाडीतून दुसरा शर्ट घालून आला. हौस तरी किती! एवढी हौस करणारा बाप पोरीवर माया करत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघायला हवं होतं. काजेवालीला उद्या सांगणारच आहे.

फोटो झाल्यावर त्याला एक फोन आला आणि तो गेला. आम्ही दोघींनी डबा खाल्ला. भिंगरीचा वरचा एक दात हलत होता, तो पावात अडकून पडला. रक्त बघून घाबरली. मी तोंड धुवून दिलं, दात रुमालात बांधून तिच्या खिशात ठेवला. फाटकाकडं जाताना तिनं बोट धरलं आणि विचारलं, "आत्या, तुझ्या घरी माझी चित्रांची पेटी आहे अजून?"

आहे. कपाटावर आहे. तिला सांगितलं, धूळसुद्धा बसू देत नाही.

३१ मार्च, रविवार

आज अक्षर वाकडं येतंय.

गेल्या रविवारी धाकटा आला नव्हता. शेवटपर्यंत आला नाही, फोनही नाही. मी भिंगरीला सांगितलं होतं, आज तो इतका छान लपला की सापडलाच नाही. म्हणून आजही त्याचा पत्ता नाही म्हटल्यावर मी जरा गडबडले. म्हटलं, काचघराकडं बघू या. ती पुढं पळाली. मी म्हटलं पळू दे, आता पाय मोकळे करायचं वय आहे. काचघराला वळसा घालून मी मागं गेले, तर भिंगरी नाही.

हाक मारली. उत्तर नाही. आत पाहिलं, कुंड्यांच्या रांगांमध्ये पाहिलं. तोफ, पुतळा, बँडस्टँड. रविवारची गर्दी, सगळ्या पोरी पाठमोऱ्या तिच्यासारख्याच दिसतात. एका मुलीचा खांदा धरून वळवला, तिची आई अंगावर आली. मग हौद दिसला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिरवं पाणी, खालचं काही दिसत नाही. मी कठड्यावरून वाकून हात घातला पाण्यात, कोपरापर्यंत. काय शोधत होते मी पाण्यात? आता लिहितानाही अंगावर काटा येतो.

शिट्टीवाला धावत आला. माझ्या तोंडून नुसतं "पोर, माझी पोर" एवढंच. त्यानं काही विचारलं नाही. शिट्ट्या फुंकून चारही फाटकांच्या माणसांना सावध केलं, एकटी मुलगी बाहेर सोडू नका म्हणून. आता समोरच्या थांब्यावर बसलेल्या तिच्या आईला काय सांगायचं? एकदा वाटलं, जावं आणि सांगावं. पण सांगितलं की संपलं सगळं. पुन्हा रविवार नाही. मी गेले नाही. देवा, मी गेले नाही.

काचघराच्या मागं माळ्यांची खोली आहे, खताची पोती ठेवलेली. तिथं सापडली. पोत्यांच्या आडोशाला गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी आधी एक धपाटा घातला, मग मिठी मारली, मग रडले. क्रम चुकला असेल, मला आठवत नाही.

"का लपलीस गं? जीव टांगणीला लागला ना माझा!"

ती म्हणाली, "गेल्या वेळी कोणीच सापडलं नाही तर तुझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हणून मीच लपले. आता सापडलं ना तुला कोणीतरी?"

खोडकर कुठली! अगदी बापावर गेली आहे. त्यालाही लहानपणी असंच छळायला आवडायचं.

फाटकाशी भावजय उभी. भिंगरीच्या गुडघ्यांना खत, माझी बाही ओली, डोळे लाल. तिनं आम्हा दोघींकडं पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाली, "ताई, पाणी प्या आधी," आणि स्वतःची बाटली पुढं केली. एक शब्द विचारला नाही. मनात काय शिजतंय कोण जाणे. ही बाई आता कोर्टात काय काय सांगेल या धास्तीनं मी बाटली न उघडताच परत दिली.

३ एप्रिल, बुधवार

कोर्टाचा कागद आला नाही. भावजयीनं काही सांगितलेलं दिसत नाही. का नाही सांगितलं? की वेळ साधून सांगणार आहे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आज दोन थर कापड उलटसुलट अंथरलं, आमच्या कटिंग मास्तरांनी ते स्वतः सरळ केलं.

९ एप्रिल, मंगळवार

धाकटा आज चक्क घरी आला. कोर्टातल्या समुपदेशक बाई पुढच्या आठवड्यात सगळ्यांना बोलावणार आहेत. भिंगरीशी आधी वेगळं बोलतील, मग आम्हा तिघांना एकत्र. या भेटी पुढं चालू ठेवायच्या की नाही ते त्यावर ठरेल.

"तुला विचारतील, तर सांग मी दर रविवारी असतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दर रविवारी?"

"ताई, असतोच की मी. जरा उशीर होतो एवढंच."

"गेल्या तीन रविवारी तर..."

"मला हरायचं नाहीये," तो एकदम तडकला. "तिनं मला सोडलं, मी गप्प बसलो. आता पोरगीही गेली तर लोक काय म्हणतील?"

मग त्यानं आवाज उतरवला. मला ओळखतो तो, पाळण्यात झोके दिलेत मी त्याला. "तुला भिंगरी भेटायला हवी आहे ना? माझ्या भेटी बंद झाल्या तर तुझ्या कुठून राहतील? आत्याला कुठलं कोर्ट भेट देतं?"

खरं आहे त्याचं. आत्या म्हणजे लग्नात मानपान करायचा आणि एरवी विसरायचं माणूस. कायद्यात आत्या नाही. मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर तो जेवलासुद्धा माझ्याकडं, पुष्कळ दिवसांनी.

पण मन खातंय. चार लोकांत थाप मारणं वेगळं. कोर्टातल्या बाईंसमोर बसून, डोळ्यात डोळे घालून सांगायचं? माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं. काजेवाली म्हणते, तुला पत्ते खेळायला घेऊ नये.

१४ एप्रिल, रविवार

धाकटा आला नाही. आज तर यायलाच हवा होता.

लपाछपीचा विषय आज मी काढला नाही, भिंगरीनंही काढला नाही. आम्ही आपसूक दोघीच हिंडलो. बँडस्टँडच्या छताला आतून रंगीत नक्षी आहे, हे आज पाहिलं. उताणं झोपल्याशिवाय दिसत नाही. दोघी उताण्या झोपलो. शिट्टीवाल्यानं लांबून पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तो आम्हाला शिट्टी मारत नाही.

झोपल्या झोपल्या मी सुरुवात केली, "भिंगरे, त्या बाई तुला विचारतील हं बाबाबद्दल. तर..."

पुढं बोलवेना. माझ्या आईनं मला खोटं बोलल्याबद्दल उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, तिचा चेहरा समोर आला. 

भिंगरी छताकडं बघत म्हणाली, "मला माहितीय काय सांगायचं ते. तू नको काळजी करू."

केवढी समजूतदार पोर! डोक्यावरचं ओझं उतरलं. मला तिला काही शिकवावं लागलं नाही, म्हणजे पापही माझ्या माथ्यावर नाही. आज जरा शांत वाटतंय.

१९ एप्रिल, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहिते.

कोर्टाच्या इमारतीत मागच्या बाजूला एक खोली, तिथं खेळणी आणि गोल टेबल. समुपदेशक बाई माझ्यापेक्षा लहान, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला धाकटा, नवा शर्ट घालून. समोर भावजय. मी मधोमध. भिंगरी शेजारच्या खोलीत चित्र रंगवत होती, तिच्याशी बोलणं कालच झालं होतं.

धाकट्यानं टेबलावर फोटो मांडले. वेगवेगळ्या रविवारचे म्हणाला. एकात स्वेटर, एकात नाही. एकात वेण्या, एकात मोकळे केस. मी ते फोटो पाहिले. मीच काढले होते सगळे, एका सकाळी. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी काय म्हणाले होते? हौस! माझ्या अकलेचं लोणचं घालावं.

तरीही मी गप्प होते. हे लिहायला हवं. तोपर्यंत मी खोटं बोलायला तयार होते. भिंगरी मला हवी होती.

बाई हसून धाकट्याला म्हणाल्या, "मला सांगितलं होतं की मुलगी तुम्हाला बुजते. पण ती तर तुमच्याबद्दल किती भरभरून बोलते!"

धाकटा सावरून बसला.

"तिच्या हातात काटा गेला तर तुम्ही फुंकर घालत घालत काढलात म्हणे. दात पडला तर रुमालात बांधून दिलात. बँडस्टँडच्या छताखाली दोघं उताणे झोपलात. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते फ्रॉकचं. तुम्ही बाकावर बसून तिचा फाटलेला फ्रॉक असा शिवलात की टाकाही दिसत नाही! शिवणकाम कुठं शिकलात?"

धाकटा म्हणाला, "अं... सहज. घरीच."

याला सुईत दोरा ओवता येत नाही. शर्टाचं बटण तुटलं तर अजून माझ्याकडं पाठवतो.

मी भावजयीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिला कळत होतं, पुरतं कळत होतं. तिनं तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. पण तिनं ते माझ्यावर सोडलं.

बाई म्हणाल्या, "एक गंमत सांगते. मी विचारलं, बाबा कधी येत नाहीत असं होतं का? तर म्हणाली, नाही, बाबा कधी कधी लपतो, पण आत्याला तो नेहमी सापडतो."

ते ऐकलं आणि माझा बांध फुटला. आठ वर्षांच्या पोरीनं एकटीनं बसून हे जुळवलं होतं. माझं एकेक काम उचलून बापाच्या नावावर लावलं होतं, म्हणजे बाप जाणार नाही आणि बापाबरोबर मीही जाणार नाही. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं की बाबा लपत नाही. मी तिला फसवते असं मला वाटत होतं, आणि ती मला सांभाळत होती. त्या पोत्यांमागंसुद्धा ती माझ्यासाठीच बसली होती. हे पोरीचं काम आहे का? तिनं अजून किती वर्षं हे करायचं?

मी म्हटलं, "बाई, तो फ्रॉक मी शिवला."

धाकटा म्हणाला, "ताई."

"काटा मी काढला. दात मी बांधला. हे फोटो एका दिवसाचे आहेत, मीच काढलेत, शर्ट तो गाडीत जाऊन बदलून आला. तो येत नाही. आला तर घटकाभर येतो. लपण्याचं खोटं माझं आहे, पोरीचं नाही. तिला काही म्हणू नका. तिला परत विचारायलाही जाऊ नका. मला विचारा."

आवाज केवढा मोठा झाला होता! शेजारच्या खोलीतला रंगाचा खडू थांबल्यासारखं वाटलं मला. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि मला पाणी दिलं. मग आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर धाकटा माझ्यावर धावून आला. "घरच्याच माणसानं केसानं गळा कापला. मिळालं समाधान? माझंही गेलं आणि तुझंही गेलं."

"गेलं," मी म्हटलं. "पण तुला पोरगी नको होती रे. तुला फक्त ती तिच्या आईकडं जायला नको होती."

असं मी त्याला उभ्या जन्मात बोलले नव्हते. तो गेला. मला लिफ्टचं बटण सापडेना, जिन्यानं उतरले.

२८ एप्रिल, रविवार

निकाल कळला. बापाच्या भेटी सध्या बंद. त्यानं पुन्हा अर्जही केलेला नाही, वकिलाला म्हणाला कटकट गेली. आत्याचा उल्लेख कुठंच नाही. असणार तरी कसा?

आज बागेत गेले नाही.

गेले. वहीत खोटं कशाला लिहू? फाटकाशी उभी राहिले, आत गेले नाही. शिट्टीवाला म्हणाला, "आज एकट्याच?" मी मान हलवली. समोरचा बसथांबा रिकामा होता. मला पोर इतकी आठवली की छातीत खरोखर दुखायला लागलं. मी बरोबर केलं, हे मला माहीत आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

७ मे, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत मास्तरांनी निरोप दिला, दाराशी कोणी बाई आल्या आहेत. बाहेर येते तर भावजय. एकटीच. मला वाटलं, भिंगरीला काही झालं. माझा चेहरा बघून तीच आधी म्हणाली, "बरी आहे ती. शाळेत आहे."

दारातच उभ्या राहिलो. आत काजेवालीचं मशीन बंद पडलं होतं, म्हणजे तिचे कान बाहेर होते.

भावजय म्हणाली, "ताई, तो येत नाही हे मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. थांब्यावरून सगळं दिसतं."

मी म्हटलं, "मग कोर्टात का नाही सांगितलंस? त्या दिवशी पोर हरवली होती, तेही तुला कळलं असणार."

"शिट्ट्या ऐकल्या मी. धावत आले फाटकापर्यंत. तुम्ही हौदापाशी ओल्या बाहीनं उभ्या होतात." ती थांबली. "मी मागच्या बाजूनं आत येणार तेवढ्यात तुम्ही तिला घेऊन येताना दिसलात. मग परत जाऊन उभी राहिले."

"अगं, मग तरी सांगायचंस! तुला ते रविवार बंदच करायचे होते ना?"

"त्याचे बंद व्हायला हवे होते, ताई. तुमचे नाही."

मी दाराची चौकट धरली.

"सांगितलं असतं तर तुमचेही गेले असते. म्हणून मी गप्प बसले. पण पोरीनं काय काय खोटं रचलंय ते त्या खोलीत कळलं आणि वाटलं, आता बोलावंच लागणार. तुम्ही आधी बोललात." तिचे डोळे भरून आले होते, पण ती जुनीच तिरसट आहे, पुसायला हात वर नेला नाही. "शनिवारी मला दिवसभर काम असतं. तिला ठेवायला माणूस मिळतं, पण आपलं माणूस नाही मिळत. तुम्हाला सुट्टी असते शनिवारी. ठेवाल?"

मी विचारलं, बागेत नेऊ का?

"तिला विचारलं मी. बाग नको म्हणाली. आत्याच्या घरी जायचंय म्हणाली."

यावर मी काय बोलले मला आठवत नाही. काजेवाली सांगते, मी नुसती मान हलवत राहिले. भावजय गेल्यावर मग तिनंच मला ओढून आत आणलं आणि दुपारचा चहा दोनदा पाजला.

घरी आल्यावर खोलीत नजर फिरवली. जेवायच्या टेबलाशी खुर्ची एकच आहे. उद्या कामावरून येताना दुसरी घेऊन येते.